गावठी आणि कलमी

गच्चीवर गावठी गुलाब आणि ग्लॅडिएटर हा कलमी गुलाब शेजारीशेजारी लावून पाहा. ग्लॅडिएटरची कळी लांब, टोकदार, देठ सरळ. फुलदाणीत तो कितीतरी दिवस तोरा राखून असतो. गावठी फूल लहान, पाकळ्यांनी गच्च भरलेलं, उन्हं चढली की गळू लागणारं. पण सकाळी नुसतं जवळून गेलं तरी वास येतो, आणि गुलकंदाला तोच हवा. मला विचाराल तर पहिली कुंडी त्याचीच.

गव्हाच्या नव्या जाती घडवणारे शास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल यांनी गुलाबाच्याही कितीतरी जाती निर्माण केल्या. पोटाच्या आणि मनाच्या पिकाला त्यांनी सारखीच माया दिली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पाऊस सरला की ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी करा. बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरपा काप घ्या. साधारण दीड महिन्यात फुलं येतात. कलमाच्या सांध्याखालून फुटवा आला तर लगेच मुळापासून काढा. तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या रोपाचा असतो आणि वरच्या कलमाचं सगळं बळ खातो. गावठीला ही काळजी नाही. त्याची फांदी मातीत खोचली तरी जगते, म्हणून छाटलेल्या काड्या शेजारी देता येतात.