तो एक तंतू कोणाचा?

समजा, तीन माणसं पक्ष्यांच्या शिकारीला गेली आहेत. पक्षी उडतो. दोघं जण, तिसरा समोर उभा आहे याचं भान न ठेवता, एकाच वेळी बंदूक चालवतात. एक छर्रा तिसऱ्याच्या डोळ्यात घुसतो. तो एकाच बंदुकीतून आलाय हे नक्की, पण कोणाच्या, हे कोणालाच सांगता येत नाही. भरपाई कोणी द्यायची?

ही कल्पना नाही. १९४८ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असाच खटला आला होता. एरवीचा नियम असा, की ज्याला इजा झाली त्यानेच ती कोणी केली हे सिद्ध करायचं. इथे तो नियम लावला असता, तर डोळ्याला इजा झालेला माणूस रिकाम्या हाताने घरी गेला असता आणि निष्काळजीपणे गोळी झाडणारे दोघंही मोकळे सुटले असते. न्यायालयाने ओझं उलटं फिरवलं. छर्रा आपला नव्हता हे तुम्ही दाखवा, नाहीतर दोघंही जबाबदार.

शिकाऱ्यांची ही गोष्ट कायद्याच्या वर्गात बहुतेकांना पटते. मला मात्र तिच्यातला अवघड भाग कळला तो अॅस्बेस्टॉसचे खटले वाचताना.

मेसोथेलियोमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. तो बहुतांश वेळा अॅस्बेस्टॉसच्या धुळीमुळे होतो, आणि धूळ श्वासात गेल्यावर तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. निदान झाल्यावर बहुतेकांच्या हातात वर्ष-दीड वर्षच उरतं. अॅस्बेस्टॉसिस या दुसऱ्या आजारात जितकी धूळ जास्त तितकं फुप्फुस जास्त खराब, त्यामुळे प्रत्येक मालकाचा वाटा अंदाजाने तरी काढता येतो. मेसोथेलियोमाचं तसं नाही. जास्त धुळीने आजार होण्याची शक्यता वाढते, पण झालेला आजार वाटून देता येत नाही. आणि तो कोणत्या मालकाकडच्या तंतूंमुळे सुरू झाला, हे आजचं वैद्यकशास्त्र सांगू शकत नाही.

ब्रिटनमध्ये फेअरचाइल्ड नावाने ओळखला जाणारा खटला याच मुद्द्यावर उभा होता. कामगाराने एकापेक्षा जास्त मालकांकडे काम केलेलं. सगळीकडे धूळ, सगळीकडे निष्काळजीपणा. प्रत्येक मालकाचा वकील म्हणू शकत होता, 'आमच्याकडचाच तंतू होता हे सिद्ध करा.' खालच्या अपील न्यायालयाला हे म्हणणं मान्य झालं. तर्क चोख होता. दोन मालक असतील तर प्रत्येकाची शक्यता निम्मी, तीन असतील तर एक तृतीयांश. म्हणजे 'बहुधा यानेच' असं कोणाहीबद्दल म्हणता येत नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष पाहा. जितके जास्त मालक चुकतील, तितका प्रत्येक जण सुरक्षित! २००२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, हा निकाल फिरवला. ज्या मालकाने निष्काळजीपणे आजाराचा धोका ठळकपणे वाढवला, तो जबाबदार.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप प्रामाणिकपणे ऐकायला हवा. कदाचित या मालकाच्या धुळीने काहीच झालं नसेल. मग न केलेल्या इजेची भरपाई त्याने का द्यायची? हा अन्याय नाही का?

माझ्या मते हा अन्याय असू शकतो. पण इथे शून्य अन्यायाचा पर्याय उपलब्धच नाही. कोणावर तरी तो पडणार. मग प्रश्न असा, की कोणाच्या अंगावर पडणं जास्त रास्त? एका बाजूला धूळ श्वासात घेण्यापलीकडे काहीही न केलेला माणूस. दुसऱ्या बाजूला असा मालक, ज्याने हाच आजार टाळण्यासाठी असलेलं कर्तव्य मोडलं. 'आम्हाला माहीत नव्हतं' हेही फार ताणता येत नाही. रॉचडेलच्या कारखान्यात काम केलेली नेली केरशॉ १९२४ साली वारली आणि तिच्या फुप्फुसांबद्दल त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. १९३१ मध्ये तिथे धुळीविषयी नियम झाले. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी खाणपट्ट्यातल्या मेसोथेलियोमाचा संबंध अॅस्बेस्टॉसशी जोडून दाखवला.

तरी गोष्ट इथे मिटत नाही. २००६ मध्ये त्याच न्यायालयाने ठरवलं, की जबाबदारी धोका वाढवण्याची असेल तर प्रत्येकाने आपल्या वाट्यापुरतंच द्यावं. ऐकायला रास्त. पण चाळीस वर्षांत अनेक कंपन्या बुडालेल्या असतात, आणि बुडालेल्या कंपनीचा वाटा रुग्णाच्याच पदरात उणा पडतो. संसदेने काही आठवड्यांतच कायदा करून मेसोथेलियोमापुरता तो निकाल पुसून टाकला. रुग्णाला कोणाही एका जबाबदार मालकाकडून पूर्ण रक्कम मिळावी, हिशेब मालकांनी आपसात करावा. पुढच्याच वर्षी आणखी एक पेच आला. फुप्फुसाच्या आवरणावर चट्टे आहेत, त्रास काही नाही, पण पुढे काय होईल या भीतीने झोप उडालेली. न्यायालय म्हणालं, ही इजा नव्हे. स्कॉटलंडच्या संसदेने २००९ मध्ये कायदा करून म्हटलं, आहे.

म्हणजे शहाणी माणसंही एकमेकांशी असहमत आहेत. मला ते चांगलं वाटतं. निदान भांडण मुद्द्यावर होतंय.

हे भांडण मुद्द्यापर्यंत पोचवतं कोण? दुसऱ्याच्या दुखण्यावर फी कमावणारे म्हणून ज्यांना नावं ठेवली जातात, ते वकील. त्यांचं बरंचसं काम कोर्टात होतच नाही. मरणाच्या दारातल्या माणसाची जबानी त्याच्या अंथरुणाशी बसून घ्यायची. कोणत्या साली, कोणत्या शेडमध्ये, धूळ किती होती, मास्क दिला होता का? जुने सहकारी शोधायचे, बुडालेल्या कंपनीची विमा पॉलिसी शोधायची. ब्रिटनमध्ये १९७२ पासून मालकांना कामगारांसाठी विमा सक्तीचा आहे, म्हणून कंपनी गेली तरी कागद उरतो. हे वकील खरं तर आठवणी गोळा करतात.

आपल्याकडे काय? तुमच्या आसपास 'सिमेंटचे पत्रे' असतीलच. त्यातल्या बहुतेकांत पांढरा अॅस्बेस्टॉस असतो. ब्रिटनने १९९९ मध्ये बंदी घातलेला हा पदार्थ आपण अजून आयात करतो. माझ्या मामांनी ठाणे-भिवंडीकडे अनेक वर्षं असे पत्रे कापले आणि बसवले. त्यांची तब्येत ठीक आहे. पण मी सहज विचारलं, कोणाकोणाकडे काम केलंत? त्यांना तीन ठेकेदार आठवले, तिघंही टोपणनावाने. कागद काही आहे का, विचारल्यावर ते हसले. "कसला कागद गं? हजेरी वहीत, आणि वही मुकादमाच्या खिशात."

कायद्याची उणीव आहे असं नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या आपल्या १९२३ च्या भरपाई कायद्यात अॅस्बेस्टॉसिससारख्या आजारासाठी तरतूद होती, की अनेक मालक असतील तर सगळ्यांनी आयुक्त ठरवतील त्या प्रमाणात द्यावं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि अॅस्बेस्टॉस कारखान्यांना बजावलं, की प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षं किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षं, यांपैकी जे उशिरा संपेल तोवर जपा. न्यायाधीशांना आजाराचा वेग ठाऊक होता.

पण ज्याचं नाव फक्त खिशातल्या वहीत होतं, त्याच्यासाठी 'तंतू कोणाचा' हा प्रश्न येतच नाही. त्याला आधी 'मी तिथे होतो' हेच सिद्ध करावं लागतं. मला इथला फरक महत्त्वाचा वाटतो. फेअरचाइल्डमधलं अज्ञान निसर्गाने घातलेलं होतं. ते कोणाचंच पाप नव्हतं, तरी न्यायालयाने त्याचा फायदा मालकांना मिळू दिला नाही. आपल्याकडचं अज्ञान माणसांनी घडवलेलं आहे. नोंद न ठेवणं ही साधी विसराळूपणाची गोष्ट नसते, ते पुढच्या दाव्यापासून घेतलेलं संरक्षण असतं. मग ओझं उलटं फिरवण्याचं कारण इथे कमी आहे की जास्त? ज्याची नोंद ठेवायची जबाबदारी होती, त्यानेच 'हा माणूस आमच्याकडे नव्हता' हे दाखवावं, असं म्हणायला मला तरी काही अडचण दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल, तर ती नेमकी कोणत्या बाजूला उभं राहून दिसते, तेवढं एकदा तपासून बघा.