कुत्रा पाळला, शब्द पाळला का?

मराठीतला 'पाळणे' हा शब्द मोठा गमतीचा आहे. आपण रविवार पाळतो, उपवास पाळतो, आज्ञा पाळतो, दिलेला शब्द पाळतो आणि कुत्राही पाळतो. पहिल्या चार ठिकाणी पाळणारा स्वतः बांधला जातो. पाचव्या ठिकाणी साखळी कुत्र्याच्या गळ्यात असते, म्हणून बांधला गेला तो कुत्रा, अशी आपली समजूत होऊन बसते. ती कितपत खरी आहे, याचा विचार या रविवारी आपण सर्वांनी मिळून करावा असे वाटते. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या धर्मग्रामात शेजाऱ्याशेजाऱ्यांत जी भांडणे होतात, त्यांत बांधाच्या खालोखाल कुत्र्याचाच नंबर लागेल.

आपल्या वाडवडिलांच्या काळी कुत्रा हा वाडीचा राखणदार होता. केळीच्या बागेत, विहिरीपाशी नाहीतर पडवीत तो पडून असे. उरलेला भात, माशांची डोकी आणि सणासुदीला हाडे, एवढे त्याला मिळे. आजारी पडला तर गवत खाऊन बरा होई, नाहीतर मरे. त्या काळी कुत्र्याचे लाड होत असे म्हणता येणार नाही. पण तहान लागली की तो आपला आपण पाटाचे पाणी पिई, उन्हात सावली शोधी. आज वाड्यांच्या जागी इमारती आल्या आणि कुत्रा चौथ्या मजल्यावर राहावयास गेला. मोतीचा ब्रुनो झाला. तो सोफ्यावर बसतो खरा, पण भांडे आपण भरले तरच त्याला पाणी, दार आपण उघडले तरच त्याला लघवी. त्याचे स्वतःचे असे काही उरले नाही. म्हणून जो प्रश्न आजोबांना पडला नाही तो आपल्याला पडला पाहिजे.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना पुढचे सांगावयास नकोच. चपला नेहमी एकाच पायातल्या चावल्या जातात आणि त्याही नेमक्या मिस्सेला निघण्याच्या वेळी सापडतात. आमच्या टायगरने दोन जपमाळा आणि मुलाच्या दहावीच्या पुस्तकाचा निम्मा इतिहास फस्त केला होता. रात्री रोझरीनंतर लितानी सुरू झाली की प्रत्येक संताच्या नावानंतर तो सूर लावी. पाहुणे प्रार्थना विसरून हसत आणि आजी रागावत.

काही प्रसंग मात्र हसण्यावारी नेण्याजोगे नसतात. नाताळात आपण प्रेमाने कुत्र्यालाही केकचा तुकडा देतो. त्यातल्या मनुकांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. द्राक्षे, चॉकलेट, कांदा, लसूण हीही त्याला विषासारखीच. कोंबडीचे शिजवलेले हाड फुटून त्याचे टोकदार तुकडे आतड्यात रुततात. नवीन वर्षाच्या मध्यरात्री फटाक्यांना भिऊन पळालेला कुत्रा कधी सापडतो, कधी सापडत नाही. पोटात दुखते हे त्याला सांगता येत नाही, आणि प्रेम आहे म्हणून माहिती नको असे होत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. फाटक उघडताना कुत्रा अंगावर धावून आला की आतून आवाज येतो, "घाबरू नका, आमचा काही करत नाही!" असे म्हणाले नाही असे कुत्रेवाले घर आपल्या गावात क्वचितच असेल. हे वाक्य म्हणजे एक साक्ष आहे. कुत्र्याच्या वतीने आपण ती देतो. ती खरी आहे का, हे पाहण्याची जोखीम मात्र आपण दुधवाल्यावर, मोलकरणीवर किंवा शिकवणीला निघालेल्या पोरावर टाकतो.

मोशेच्या नियमशास्त्रात मारक्या बैलाचा एक कायदा आहे. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात तो सापडेल. बैलाने माणसाला शिंगांनी मारून टाकले तर बैलाला दगडमार करावा, मालक मात्र निर्दोष. पण बैल मारका आहे हे आधीपासून माहीत असेल, मालकाला बजावलेले असेल आणि तरीही त्याने बैल बांधून ठेवला नसेल, तर मालकही देहान्ताला पात्र. त्याच्यावर खंडणी बसवली तर ती भरून त्याने प्राण वाचवावा. शिक्षा आजच्या मानाने भयंकर वाटते, पण भेद किती बारकाईने केला आहे पाहा! जनावराला पाप लागत नाही. पहिल्या वेळी मालकालाही नाही. 'मला ठाऊक होते' या क्षणापासून हिशेब मालकाच्या नावे मांडला जातो. आपल्या कुत्र्याने एकदा कोणाची पँट धरली की त्यानंतरचे 'काही करत नाही' ही खोटी साक्ष झाली. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसांना धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड ठेवला आहे.

कायद्याच्या पलीकडेही एक न्याय असतो. चावा बसला की जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचण्याची आशा जवळजवळ नसते. मग मोलकरणीला रिक्षाने नेणार कोण? इंजेक्शनांसाठी पुन्हा पुन्हा जाताना तिची बुडालेली रोजी कोण देणार? "आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे," एवढे सांगून दार लावणारी घरे आहेत. लस दरवर्षी दिलीच पाहिजे, पण ती कुत्र्याला दिलेली असते. बाईच्या पायातून रक्त येत असते. ती बहुधा भांडणारही नाही, कारण काम सुटेल. जो मागू शकत नाही त्याचे देणे आधी द्यावे, असे आम्हांला वाटते.

याच्या उलट दुसरी बाजू. माणसे उपाशी असताना कुत्र्यावर कसला खर्च, असे काही जण विचारतात. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीच्या ग्रंथात दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत: प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि माणसांच्या दुःखनिवारणाकडे जावयाचा पैसा त्यांच्यावर उधळणेही शोभत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 5 जानेवारी 2022 रोजी, मुले नको म्हणून कुत्री-मांजरे पाळणाऱ्या जोडप्यांना चांगलेच सुनावले होते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कुत्र्याच्या वाढदिवसाला केक कापला जातो आणि गावातल्या आत्याकडे वर्षभर फेरी होत नाही, हे आपणही पाहतो. तथापि, ज्या म्हातारीची मुले कॅनडात आणि आखातात आहेत, जी केवळ कुत्र्याला फिरवायचे म्हणून पहाटे दोन पावले चालते आणि चार माणसांशी बोलते, तिला हे लागू करताना आम्ही तरी कचरू. तोबीतच्या पुस्तकात तोबियाबरोबर देवदूत जातो आणि कुत्राही जातो. देवदूताची कामगिरी सविस्तर सांगितली आहे. कुत्रा काही केल्याची नोंद नाही. तो बरोबर चालतो एवढेच.

सर्वांत वाईट वाटते ते सोडून देण्याचे. वाडी विकली, फ्लॅट घेतला, कुत्रा रात्री टेम्पोतून मासळी बाजारापाशी सोडला. मादीची पिल्ले गोणीत भरून दुसऱ्या गावच्या वेशीवर ठेवली. बर्फाळ देशातला दाट केसांचा हस्की हौसेने विकत घेतला, आणि मे महिन्यात त्याची धाप बघवेना म्हणून कोणाच्या तरी गळ्यात बांधला. "सोसायटी ठेवू देत नाही" हे कारण नेहमी पुढे केले जाते. वस्तुतः सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 साली स्पष्ट केले आहे. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला आहे दहा ते पन्नास रुपये! त्या धाकाने कोणी थांबणार नाही. घरातून सोडलेल्या कुत्र्याला रस्त्यावरचे कुत्रे आपल्या हद्दीत घेत नाहीत. तो दोन-तीन दिवस प्रत्येक मोटरसायकलमागे धावतो, मालकाची असेल म्हणून.

शेवटी म्हातारपण. कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे; म्हणजे पाळतानाच त्याचा मृत्यूही आपल्या पदरी घेतलेला असतो. माणसाच्या बाबतीत आपली ख्रिस्तसभा दयामरण मान्य करीत नाही. जनावराची गोष्ट वेगळी आहे. असह्य वेदनेतून त्याला इंजेक्शनने सोडवले तर ते पाप ठरत नाही. पण ती वेदना कोणाची, हे स्वतःला विचारावयास हवे. कुत्र्याची, की रोज लादी पुसणाऱ्या आपली? जेवतो का, आपण आलो की मान वर करतो का, शेपूट हलवतो का, एवढे पाहिले तरी बरेच कळते.

आमच्या गल्लीत एका घरातल्या कुत्र्याचे मागचे पाय गेले. डॉक्टरांनी तपासले, वेदना नव्हती, भूक होती. इमारतीला लिफ्ट नाही. दोघे भाऊ त्याच्या पोटाखाली टॉवेल घालून रोज सकाळ-संध्याकाळ त्याला तीन मजले खाली नेत आणि वर आणीत. असे चार महिने चालले. त्यातल्या धाकट्याला कुत्रा मुळात नकोच होता.