रान माझे, कठडा कोणाचा?

शास्त्राचे भाषांतर करताना एखादा लहानसा शब्द माणसाला बराच काळ थांबवून ठेवतो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायाच्या आठव्या वचनात ‘कठडा’ या अर्थाचा जो हिब्रू शब्द आहे, तो संपूर्ण जुन्या करारात एकदाच येतो. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा. न केल्यास व तेथून कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल, असा त्या नियमाचा आशय आहे. या वचनावर काम करताना मला माझ्या आजोळची विहीर आठवली.

मामांचे चार एकर रान होते. विहिरीला कठडा नव्हता. कोणी सुचवले, तर ते म्हणत, “रान माझं, विहीर माझी. पडलो तर मीच पडेन.” या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, कधी कोणाच्या दारी चाकरीला न गेलेल्या माणसाचा तो स्वाभिमान होता. परंतु एका पावसाळी संध्याकाळी त्या विहिरीत पडली ती निंदणीला आलेली एक मजूर बाई. ती वाचली नाही. पुढच्याच आठवड्यात मामांनी स्वतः दगड रचून कठडा बांधला. त्यानंतर ते वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नाही.

आपल्या शेतात आपणच धनी, हे लहान शेतकऱ्याचे मोठे सुख आहे. तेथे मुकादम नाही, तपासनीस नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००१ साली शेतीतील सुरक्षितता व आरोग्य यांविषयी करार संमत केला, तेव्हा केवळ निर्वाहापुरती केलेली शेती त्यातून वगळली. म्हणजे जो सर्वांत स्वतंत्र, तोच सर्वांत उघडा राहिला. त्यातही घरच्या शेतीतील धोका धन्यापुरता राहत नाही. औषधाची बाटली घरच्या कोनाड्यात असते, फवारणीचे कपडे पत्नी धुते, मळणीयंत्राजवळ मुले खेळतात.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेकडो लोकांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत शेतकरी होते, तसे रोजाने फवारणी करणारे मजूरही होते. निरनिराळी औषधे एकत्र मिसळली गेली होती. अंगावर हातमोजे, तोंडावर मुखपट्टी बहुतेकांच्या नव्हती.

येथे कोणी विचारील, कर्जाने वाकलेल्या माणसावर आणखी हा दोष कशाला लादता? प्रश्न रास्त आहे. उधारीवर औषध घेणारा शेतकरी दुकानदार सांगेल ते घेतो. त्याचे स्वातंत्र्य पुष्कळदा नावापुरतेच असते. म्हणून विष विकणारा, ते विकू देणारे शासन आणि स्वस्त धान्याची अपेक्षा करणारे आपण, यांपैकी कोणीही हात धुऊन मोकळा होऊ शकत नाही. तरीही मजुराच्या हाती पंप देताना ‘हे मिश्रण करू नकोस, वाऱ्याच्या तोंडी उभा राहू नकोस’ एवढे सांगायला पैसा लागत नाही.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात उघड्या खड्ड्यात बैल पडल्यास खड्ड्याच्या धन्याने भरपाई करावी, असे सांगितले आहे. भरपाईचा नियम अपघातानंतर जागा होतो. कठड्याचा नियम मात्र कोणी पडण्यापूर्वीच बोलतो. पडणारा सावध होता की निष्काळजी, हेही तो विचारीत नाही. तेथे कोणी तपासनीस नेमलेला नाही, कारण तो नियम घरधन्याशीच बोलतो. जेथे दुसरा कोणी पाहणारा नाही, तेथे पाहण्याचे काम धन्याचेच असते. स्वातंत्र्याचा अर्थ हाच आहे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेक जण नोकरीनिमित्त दूर प्रांतांत राहतात; पण गावाकडे भावाचे, चुलत्याचे रान असते. या सुट्टीत तेथे जाल, तेव्हा पिकाची चौकशी कराच; पण विहिरीला कठडा आहे का आणि औषधाची बाटली कोठे ठेवली आहे, हेही एकदा पाहून या. दोन दिवस हाताशी असतील, तर दगड वाहायला हातभार लावा.