रीत दाखवा

शाळेत प्रिंटर अडला की मला हाक मारतात, आणि ती हाक मला आवडते. हे आधीच मान्य केलेलं बरं, कारण पुढचा सगळा हिशेब फिरून या आवडीपाशीच येतो.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. संगणकाशी ओळख हौसेपुरती. पण कार्यालयात भाऊसाहेब एकटे, आणि शालार्थची वेतनबिलं, दाखले, बोनाफाईड, दहावीची प्रवेशपत्रं असं सगळं एकाच वायफाय प्रिंटरवर निघतं. पडद्यावर ‘ऑफलाइन’ दिसलं की कुणीतरी वर्गाच्या दारात येऊन उभं राहतं. “सर, जरा येता का? परत रुसलाय.” मी जातो, खटपट करतो, कागद बाहेर येतो. “सरांच्या हाताला गुण आहे,” असं कुणी म्हणतं आणि मी हसतो. त्या हसण्याबद्दल मला स्वतःला काही विचारायचं आहे.

पहिला प्रश्न : मला खरंच काही कळलेलं असतं का? मी करतो काय, तर प्रिंटर बंद करतो, राउटर बंद करतो, रांगेत अडकलेली कामं काढून टाकतो, संगणक पुन्हा सुरू करतो. सगळं एका दमात. त्यातल्या कशानं प्रिंटर चालू झाला हे मग ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली असती तर कारण हाती लागलं असतं. नुसतं उत्तर लिहिणाऱ्या मुलाच्या वहीत मी लाल शाईनं ‘रीत दाखवा’ असा शेरा मारतो आणि गुण कापतो. कार्यालयात मात्र रीतीशिवायच्या उत्तराला मी पैकीच्या पैकी गुण घेऊन येतो.

कारणं गूढ असतात असंही नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज सारखी जाते-येते. वीज आली की राउटर नव्यानं पत्ते वाटायला बसतो, आणि काल १९२.१६८.१.५ वर असलेला प्रिंटर आज १९२.१६८.१.९ वर जाऊन बसतो. संगणक बिचारा कालच्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो. तिथून उत्तर येत नाही, म्हणून ‘ऑफलाइन’. प्रिंटर ठणठणीत असतो. राउटरमध्ये जाऊन त्याचा पत्ता कायमचा राखून ठेवला की हे दुखणं संपतं. प्रिंटरच्याच बटणांवरून नेटवर्कची माहिती देणारं पान छापून घेता येतं. त्यावर १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरनं त्याला पत्ता दिलेलाच नाही, त्यानं आपला आपण धरून घेतला आहे, असं समजावं. कधी नवा राउटर ५ गिगाहर्ट्झवर चालत असतो आणि प्रिंटरला २.४ पलीकडचं ऐकू येत नाही. कधी कुणीतरी संगणक पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वायफायला जोडलेला असतो, आणि तिथून आतली उपकरणं दिसू नयेत अशीच सोय केलेली असते. कधी तर कागद पाठवायची वाट मोकळी असते, पण संगणकानं एसएनएमपी या पद्धतीनं विचारलेल्या हालहवालीला प्रिंटर उत्तर देत नाही, एवढ्यावरून संगणक त्याला गैरहजर ठरवतो. पोर्टच्या सेटिंगमधली एक खूण काढली की प्रिंटर पुन्हा हजर.

हे मला माहीत आहे. तरीही ऐन वेळी मी यातलं काही तपासत नाही. तास खोळंबलेला असतो हे खरं. पण कारण शोधायला बसलं की चारचौघांत ‘अजून कळलं नाही’ असं म्हणावं लागतं, हेही तितकंच खरं. ज्याच्या हाताला गुण आहे अशी ख्याती झाली, त्याला ते वाक्य जड जातं.

मग मी स्वतःची समजूत घालतो : कारण नाही सांगितलं तर बिघडलं कुठं? काम तर झालं ना! पण कारणाची जागा रिकामी राहत नाही. माझी पाठ वळली की तिथं कुणीतरी काहीतरी आणून बसवतं. “मामांनी झाडताना वायर हलवली असेल.” प्रिंटरचा दिवा लागलेला आहे, जोडणी वायफायची आहे, मग हलायला वायर उरली कुठली? पण हे वाक्य म्हणायला सोपं आहे, कारण शाळेत झाडलोट करणारे मामा उलटून बोलत नाहीत. ते दुसऱ्या दिवसापासून त्या टेबलाखाली झाडू घालायचं सोडून देतात. पुढच्या महिन्यात टेबलाखाली धूळ साचली म्हणून बोलणी खातात, तीही मुकाट्यानं. मुख्याध्यापकांचा हात लागला असेल, असं मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. माझ्याबद्दल तर शंकाच नाही, मी दुरुस्त करणारा.

“नाही हो, वीज गेल्यावर राउटरनं पत्ता बदलला,” एवढं एक वाक्य पुरलं असतं. कधी मला खरोखर माहीत नव्हतं म्हणून मी ते बोललो नाही, कधी माहीत असूनही समजावत बसायचा कंटाळा केला. माझ्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मामांच्या लेखी त्यांत काय फरक आहे?

इथं मला प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन आठवतात. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेसर प्रिंटर होता. त्यात कागद अडकायचा आणि दूर आपल्या जागेवर बसलेल्या माणसाला पत्ता लागायचा नाही. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमन यांनी फेरफार करून लोकांना तशी सूचना जाईल अशी व्यवस्था केली होती. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅम मात्र त्यांना मिळेना. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एकाकडे तो होता, पण कुणाला न देण्याचं वचन त्यानं दिलेलं होतं, त्यामुळे त्यानं नकार दिला. स्टॉलमन संतापले. इथवर कुणीही पोचतो. पुढे तसाच करार करून कमावण्याची वेळ त्यांच्यावर आली, तेव्हा मात्र त्यांना वाटलं की ज्या वागण्याचा मला एवढा राग आला, तेच मी इतरांशी कसं वागू? १९८३ मध्ये त्यांनी मूळ प्रोग्रॅम सर्वांना खुला ठेवणारा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या विचारात हा नकारही होता.

कंपन्यांवर मीही चिडतो. ‘प्रिंटरशी संपर्क होऊ शकत नाही, प्रशासकाशी बोला’ असला संदेश वाचला की कारण का सांगत नाहीत म्हणून तडतडतो. आमच्या शाळेत तो प्रशासक म्हणजे मीच. आणि भाऊसाहेबांनी “काय झालं होतं हो सर?” असं विचारलं की मी म्हणतो, “काही नाही, झालं आता.” त्या संदेशात आणि माझ्या उत्तरात डावं-उजवं करायला फारशी जागा नाही.

आणखी एक प्रसंग मला अस्वस्थ करतो. २०२१ च्या जुलैमध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली एक गंभीर त्रुटी जगभर गाजली, ‘प्रिंटनाइटमेअर’ नावानं. मायक्रोसॉफ्टनं घाईनं दुरुस्त्या पाठवल्या. मग सप्टेंबरच्या अपडेटनं छपाईतली आणखी एक फट बुजवायची सक्ती केली, आणि अनेक कार्यालयांत एका संगणकाला जोडून बाकीच्यांनी वापरायचे सामायिक प्रिंटर बंद पडले. तोडगा तोंडोतोंडी पसरला : अपडेट काढून टाका, नाहीतर रजिस्ट्रीतली एक किंमत शून्य करा. म्हणजे प्रिंटर चालावा म्हणून नुकतंच लावलेलं कुलूप काढायचं. आमच्याकडे तेव्हा प्रिंटर असाच वाटून घेतलेला होता आणि मी तेच केलं. दाखले अडले होते, पुन्हा तशी वेळ आली तर कदाचित पुन्हाही करीन. टोचतं ते वेगळंच. शाळेचा धोका पत्करायचा की नाही हे मुख्याध्यापकांनी ठरवायचं होतं. मी तो परस्पर पत्करला आणि त्यांना फक्त “चालू झाला” एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं. विचारणाऱ्याला पुरेसंही नव्हतं.

म्हणून आता प्रिंटरशेजारच्या भिंतीवर एक कागद लावायचा ठरवलं आहे. आधी दिवा पाहा, मग वायफायचं नाव, मग प्रिंटरचं माहिती देणारं पान, मग पत्ता. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय सापडलं ते खालच्या रकान्यात तारखेसह लिहा. तो रकाना मामांसाठी आहे. कारण लिहिलेलं असलं की त्यांच्या नावावर काही टाकता येणार नाही.

कागद लिहून झाला तेव्हा ध्यानात आलं की राउटरचा पासवर्ड मी त्यावर घातलेला नाही. पत्ता राखून ठेवायचं काम त्याच्याशिवाय होत नाही, म्हणजे शेवटच्या पायरीला हाक मलाच. मुलांच्या हाती पासवर्ड लागू नये, हे माझं कारण अगदी खरं आहे. पण ते खरं असल्यामुळेच त्याच्या आड दुसरं कारण आरामात बसू शकतं. मुलांपासून जपायचं तर भिंतीवर नको. भाऊसाहेबांच्या कुलपातल्या फायलीत ठेवायला कुणाची हरकत आहे? माझ्याखेरीज कुणाचीच नाही. सोमवारी तो तिथं गेला पाहिजे, आणि पहिल्यांदा पत्ता राखून ठेवताना माऊस भाऊसाहेबांच्या हातात असला पाहिजे.