कळत नाहीं, पण दुखतें

जालना जिल्ह्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मस्थान. दासबोधाच्या तिसऱ्या दशकांत समर्थांनीं वार्धक्य व मृत्यु यांचें निरूपण केलें, तें श्रोत्यानें वेळींच सावध व्हावें म्हणून. परंतु ज्या वृद्धाची समजच मावळली, त्यानें सावध कसें व्हावें? तेथें तें कर्तव्य भोंवतालच्यांकडे येतें.

“म्हातारीला आतां कांहीं कळत नाहीं,” असें म्हणतां म्हणतां तिला दुखतही नसावें असें लोक धरून चालतात. हें अनुमान आम्हांस मान्य नाहीं. तान्ह्या मुलास शब्द नसतात, म्हणून आई त्याचें रडणें खोटें मानीत नाहीं. श्वास, कण्हणें, चेहरा, अंगाची हालचाल व धीर दिल्यानें शांत होणें, या पांच खुणांवरून स्मृतिभ्रंश झालेल्यांची वेदना अजमाविण्याची रीत २००३ सालींच प्रसिद्ध झाली आहे. औषधानें उरलीसुरली शुद्ध जाईल, ही भीति अगदींच निराधार नव्हे. पण न शमलेली वेदनाही बुद्धीस भ्रम आणते. तेव्हां प्रश्न मात्रेचा आहे, द्यावें कीं न द्यावें याचा नव्हे.

२०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सन्मानानें मरण्याचा हक्क मान्य केला. निष्फळ उपचार थांबविण्याची मोकळीक त्यांत आहे. कण्हणाऱ्याकडे पाठ फिरविण्याची नाहीं. ज्यास मागतां येत नाहीं, त्याचें मागणें आपणच ओळखावयाचें.