बॅकअप माझा, शब्द तिचे

दररोज रात्री दोन वाजता, आपण झोपलेले असताना, अँड्रॉइड फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप आपल्या सगळ्या चॅटची एक प्रत फोनमध्येच करून ठेवतं. सेटिंग चालू असेल तर आणखी एक प्रत गूगलच्या खात्यात जाते. मग फोन लोकलमध्ये मारला जावो नाहीतर बादलीत पडो, नवा फोन घ्यायचा, नंबर टाकायचा आणि 'रिस्टोअर' दाबायचं. थोड्या वेळाने सगळे परत हजर. आई, ऑफिसचा ग्रुप, दोन वर्षांपूर्वी बोलणं थांबलेला माणूससुद्धा.

या सोयीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मला प्रश्न पडतो तो 'माझा डेटा' या शब्दांबद्दल. कोणतंही चॅट उघडून बघा, त्यातले निम्मे शब्द समोरच्याचे असतात. ते किती वर्षं ठेवायचे, कुठे ठेवायचे, कितव्या फोनपर्यंत न्यायचे, हे मात्र मी एकटी ठरवते. खरं तर मीही ठरवत नाही, कधीतरी चालू केलेलं एक सेटिंग ठरवतं.

पत्रांच्या काळात या वाटणीचा थोडा तरी विचार झाला होता. पत्राचा कागद ज्याला पत्र आलं त्याचा, पण मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, असं कायदा आजही मानतो. आणि नाजूक काही असलं की लोक शेवटी 'वाचून फाडून टाक' असं लिहायचे. फाडणं न फाडणं घेणाऱ्याच्या हातात होतं, पण फाडलं की विषय संपायचा, कारण प्रत एकच होती.

माझ्या एका मैत्रिणीने गेल्या वर्षी मला असंच काहीसं सांगितलं. काही वर्षांपूर्वीचे सहा महिने तिच्यासाठी फार वाईट होते. तेव्हा ती रात्री-अपरात्री मला लिहायची. काय लिहायची ते इथे सांगितलं तर या लेखाला अर्थच उरणार नाही. एवढं लिहायला तिची परवानगी आहे. ती म्हणाली, "ते सगळं तुझ्याकडे अजून असेल ना गं? काढून टाकशील? मी आता तशी राहिलेली नाही, पण तुझ्या फोनमध्ये ती मुलगी अजून तशीच बसलीय."

तिला स्वतःला ते माझ्या फोनमधून काढता येत नव्हतं. 'डिलीट फॉर एव्हरीवन'ची मुदत साधारण अडीच दिवसांची असते. त्यानंतर मागण्याशिवाय मार्ग नाही.

मी लगेच हो म्हणाले नाही. ते सहा महिने माझेही होते. त्या रात्री मी जागले होते, तिला लिहिलेली उत्तरं माझी होती. आपल्या मैत्रीतला सगळ्यात खरा भाग पुसायला ही का सांगते आहे, असं वाटून थोडं लागलंही. शिवाय जपून ठेवणं हे चांगलंच, अशी आपल्यावर लहानपणापासूनची शिकवण आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. अभंग लोकांना पाठ होते म्हणून ते बुडाले नाहीत, असाही तिचा अर्थ लावला जातो. लोकांच्या तोंडी असलेला बॅकअप! मग शब्द वाचवणाऱ्याला दोष कसा द्यायचा?

पण विचार करता करता फरक लक्षात आला. अभंग कीर्तनात, चार लोकांत गायलेले होते. ते पुढे जावेत हाच त्यांचा हेतू होता. माझ्या मैत्रिणीचे शब्द त्या रात्रीपुरते आणि एकाच माणसासाठी होते. ते वाचवणं आणि अभंग वाचवणं या दोन्हींना एकाच मापाने मोजता येत नाही.

दुसरा फरक आठवण आणि पुरावा यांच्यातला. ती तेव्हा कोसळली होती आणि मी सोबत होते, ही आठवण माझी आहे. ती पुसायला सांगायचा हक्क तिलाही नाही, आणि तिने तसं सांगितलंही नव्हतं. पण तिने नेमकं काय लिहिलं, किती वाजून किती मिनिटांनी, हा पुरावा झाला. आठवण वर्षांबरोबर मऊ होत जाते, माणसाला बदलायला जागा देते. पुरावा तसाच राहतो आणि भलत्याच्या हाती लागला तरी तेच बोलतो. विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीच्या पुराव्यावर पहिला हक्क सांगणाऱ्याचा, असं मला वाटतं.

इथे कोणी विचारेल, मग धमक्या देणाऱ्यानेही 'माझे शब्द काढून टाक' म्हटलं तर? तर अजिबात काढू नयेत. विश्वासाने सांगितलेलं वेगळं आणि अंगावर फेकलेलं वेगळं. दुसऱ्या प्रकारात ज्याला लागलं त्याचा हक्क मोठा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेला भारतीय साक्ष्य अधिनियम इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून मानतो, आणि छळ सोसणाऱ्या कितीतरी जणींकडे तेवढाच पुरावा असतो.

बाकी कायदा आपल्या मदतीला फारसा येत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा कंपन्यांना बांधतो, पण एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीला तो लागू होत नाही. म्हणजे मैत्रिणीचे शब्द माझ्याकडे किती सुरक्षित, हा प्रश्न कायद्याने माझ्यावरच सोडलेला आहे.

शेवटी मी ते काढलं. तेही एका बटणाचं काम नव्हतं. आधी चॅटमधून काढलं. मग गूगलवर नवा बॅकअप घेतला, कारण नवा आला की जुन्याची जागा घेतो. फोनमधल्या प्रती सात दिवसांपर्यंतच्या असतात, त्या जाऊ दिल्या. तिने पाठवलेले फोटो गॅलरीतून गूगल फोटोजमध्ये गेले होते. तिथल्या कचऱ्याच्या डब्यात बॅकअप झालेले फोटो साठ दिवस राहतात, म्हणून तोही रिकामा केला. मग उरलेल्या सगळ्यांसाठी एंड-टू-एंड एनक्रिप्टेड बॅकअप चालू केला. ही सोय २०२१ पासून आहे, पण ती आपली आपण चालू करावी लागते. माझ्याशी बोलणाऱ्यांपैकी कोणीही मला हे सेटिंग कधी विचारलेलं नाही, तरी त्यांच्या शब्दांना कुलूप आहे की नाही हे त्यावर ठरतं.

तिला कळवलं, तेव्हा तिने फक्त एक अंगठा पाठवला. त्यानंतर आम्ही त्या दिवसांबद्दल एकदा बोललोही, समोरासमोर, चहा पिताना. मला काही गोष्टी चुकीच्या क्रमाने आठवत होत्या. तिने त्या दुरुस्त केल्या, आणि काही दुरुस्त न करता तशाच सोडून दिल्या.