बारा वर्षांचे मन

कालपर्यंत मिस्साबलिदानात मोठ्याने गाणारा मुलगा एखाद्या वर्षी अचानक मागच्या खांबाआड उभा राहू लागतो. आवाज फुटलेला, चेहऱ्यावर पुटकुळ्या. सारे चर्च आपल्याकडेच पाहत आहे असे त्याला वाटते. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली या अवस्थेला ‘काल्पनिक प्रेक्षक’ असे नाव दिले.

आपण वडीलधारे या संकोचाला हसतो, किंवा उद्धटपणा समजून दटावतो. वस्तुतः मनुष्य स्वतःकडे प्रथमच बाहेरून पाहू लागल्याची ती खूण असते. ज्याला स्वतःकडे पाहता येत नाही, त्याला आत्मपरीक्षणही करता येत नाही. या संकोचातूनच पुढे सदसद्विवेकबुद्धी आकार घेते. प्रश्न असा, की या उमलत्या अंतःकरणावर हक्क कोणाचा?

जालन्याला हा प्रश्न परका नाही. जालन्याजवळ बेथेल हे गाव वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा वर्षे, हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडिलांनी दाद मागितली आणि मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टाने मुलाला त्यांच्या स्वाधीन केले. पुढे ख्रिस्ती लोकांत जेवलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले. पित्याचे दुःख खरे होते, थोरल्या भावाची श्रद्धाही खरी होती. मात्र कोर्टापुढे प्रश्न होता वयाचा, शास्त्रीमंडळींपुढे शुद्धीचा. त्या मुलाच्या मनाचे काय झाले, हा कोणाच्याच निवाड्याचा विषय नव्हता.

धर्मसभेच्या कायद्यानुसार सात वर्षे पूर्ण झालेल्या बालकाला विवेक आला असे मानले जाते. ते बालक पापनिवेदनाला आले, तर त्याने सांगितलेले एक अक्षरही धर्मगुरूला त्याच्या आईबापांना सांगता येत नाही. आई रडली, बाप रागावला, तरीही नाही. लहानग्याच्या अंतःकरणाचा एवढा मान राखणाऱ्या धर्मसभेची आपण माणसे. मग चौदा वर्षांच्या मुलीची वही तिच्या नकळत वाचून पाहुण्यांसमोर तिची चेष्टा आपल्याला कशी करवते?

तर मग मुलांना मोकळे सोडावे काय, असे पालक विचारतील. मुळीच नाही. या वयात भावना आधी उसळतात, विवेक मागाहून पोहोचतो. मेंदूतील आवर घालणारा भाग विशी ओलांडल्यावरही परिपक्व होत असतो, असे विज्ञान सांगते. म्हणून सोबत हवीच. ती कशी असावी हे संत लूकच्या शुभवर्तमानात दिसते. बारा वर्षांचा येशू आईवडिलांना न सांगता यरुशलेमात मागे राहिला. तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडला, तेव्हा मरियेने आपली व्यथा लपविली नाही. तिने त्याला जाब विचारला. त्याचे उत्तर तिला उमगले नाही, तरी तिने ते अंतःकरणात जपून ठेवले. मुलगाही तिच्याबरोबर नाझरेथला परतला आणि आज्ञेत राहिला.

जाब विचारणे आपल्याला सहज जमते. न उमगलेले उत्तर जपून ठेवणे कठीण जाते, कारण त्यासाठी मूल बोलत असताना आपण गप्प राहावे लागते. दृढीकरण संस्काराच्या तयारीत मुलांना प्रार्थना पाठ आहेत की नाहीत, हे आपण काळजीपूर्वक तपासतो. तेवढ्याच काळजीने, त्याच दिवसांत, त्यांचे एखादे गाऱ्हाणे मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.